मेणदोऱ्याची गाठ

१

पाच डिस्क एकाच क्षणी मेल्या, की मी नशिबाला बोल लावत नाही. माणूस शोधते.

मेलेल्या डिस्कमधली माहिती काढून देणं हा माझा धंदा. लेउवार्डन शहरात कालव्याच्या काठी माझं दुकान आहे. दारातून आत येणारा प्रत्येक जण आधी रडून घेतो, मग किती लागतील विचारतो. ओस्टरवीर गावची बाउक्ये मात्र रडली नाही. तिनं केकच्या खोक्यातून आणलेल्या पाच डिस्क टेबलावर मांडल्या. खोक्याला अजून गुलाबी साखर चिकटलेली होती.

"उद्घाटनाचा केक होता," ती म्हणाली. "सगळा गाव जमला होता. योरितनं बटण दाबलं, टक् असा आवाज झाला आणि वास सुटला. केक कुणी खाल्ला नाही."

बाउक्ये गावच्या स्मृतिदालनाची चिटणीस. तीस वर्षांत गावातल्या म्हाताऱ्यांनी कॅसेटवर सांगून ठेवलेल्या आठवणी या डिस्कांवर होत्या. सांगणारे बहुतेक आता चर्चच्या मागे पुरलेले.

"मूळ कॅसेटी?"

"बुरशी लागली होती. मीच फेकायला लावल्या." हे सांगताना ती खिडकीबाहेर बघत होती.

"दुसरी प्रत ठेवली नव्हती?"

"ठेवली होती की. ही पाचवी डिस्क तीच."

"त्याच डब्यात?"

बाउक्येनं मान हलवली.

"म्हणजे घराची जादा किल्ली घरातच ठेवून तुम्ही दार ओढून घेतलंत," मी म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही, असं माझा घटस्फोटित नवरा म्हणायचा. "चूक कुणाची झाली?"

"योरितची. शहात्तर वर्षांचा आहे. दर बुधवारी आमच्या दुरुस्ती-कट्ट्यावर बसतो, लोकांचे मिक्सर-रेडिओ फुकट नीट करून देतो. त्यानं नवा पॉवर सप्लाय बसवला आणि केबल मात्र जुनीच ठेवली. डाउवे म्हणतो, तेवढ्यानं सगळं जळतं. खरं का हो?"

खरं होतं. भिंतीतली वीज घेऊन कॉम्प्युटरच्या प्रत्येक अवयवाला झेपेल तेवढीच देणारा ठोकळा म्हणजे पॉवर सप्लाय. आजकाल त्याच्या केबली सुट्या येतात. केबलीचं डिस्ककडचं टोक जगात सगळीकडे सारखं असतं. सप्लायकडचं टोक दिसायला सारखं, पण आतल्या तारांची मांडणी प्रत्येक कंपनीची निराळी. एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या सप्लायला लावली, की जिथं पाच व्होल्ट जायचे तिथं बारा जातात. टोक बिनबोभाट बसतं, आणि फसवणूक नेमकी तिथंच होते.

"अख्खा कॉम्प्युटर आणून द्या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो आला. मी झाकण काढलं. आतल्या केबली कापडी चिकटपट्ट्यांनी बांधलेल्या होत्या. डिस्कांना वीज देणारी ती चुकीची केबल तेवढी मेणाच्या दोऱ्यानं गुंफलेली होती. एकेका अंगठ्याच्या अंतरावर एकेक गाठ, सगळ्या एका ओळीत. बघत राहावं असं काम.

"बघा, योरितचाच हात," बाउक्ये म्हणाली. "जुन्या टेलिफोन एक्स्चेंजातला माणूस. वाचनालयातल्या सगळ्या तारा त्यानं अशाच बांधल्यात. गावात आणखी कोण दोरा ओवत बसतंय?"

मी मान हलवली, पण मला चैन पडेना. विसरलेला माणूस केबल काढायचीच विसरतो. ही केबल कुणीतरी निवांत बसून, जीव लावून बांधली होती.

२

योरितच्या घरी त्याच्या मुलीनं, रिन्स्केनं दार उघडलं. हॉलमध्ये टेबलावर वृद्धाश्रमाचं चकचकीत माहितीपत्रक पडलं होतं.

"हाइटना त्रास होईल असं काही बोलू नका," ती दारातच कुजबुजली. इथं वडिलांना हाइट म्हणतात, आणि तोंडावर 'तुम्ही' म्हणणंही उद्धट मानून तिऱ्हाइताबद्दल बोलावं तसं बोलतात. "मंगळवारी स्मरणशक्तीची तपासणी आहे. त्यानंतर ठरवू."

"काय ठरवणार?"

"एकट्यानं राहायचं की नाही ते."

योरित खिडकीशी बसला होता. उंच, हाडकुळा, दाढी गुळगुळीत केलेला. मला बघून तो उठला, तेव्हा त्याचे हात खिशात होते.

"तुम्ही डिस्कवाल्या," तो म्हणाला. "माफी कुणाची मागायची तेच मला कळत नाही. ज्यांची मागायची ते सगळे मेलेत."

"काय झालं ते सांगा."

"जुना सप्लाय सोमवारी मेला. शनिवारी मी नवा बसवला. माझ्या आठवणीप्रमाणे केबलीही सगळ्या बदलल्या आणि मशीन चालवून बघितलं. आल्त्ये म्हातारीची ईल माशाची गोष्ट लावली. तो मासा चर्चमध्ये सुटतो ना, ती. इतका हसलो की ठसका लागला."

"मग?"

"मग काय? डाउवे म्हणतो, ते आदल्या शनिवारी, जुन्या सप्लायवर. तुझी वारांची गल्लत होतेय, योरित, म्हणतो." तो पुन्हा खिडकीशी बसला. "त्याचंच खरं असणार. तो माझ्याशी कशाला खोटं बोलेल?"

"डाउवे कोण?"

"कोण म्हणजे? माझा दोस्त. एक्स्चेंजात एकाच बाकावर शिकलो. दुरुस्ती-कट्टा त्यानंच काढला. हा गोंधळ झाल्यापासून रोज संध्याकाळी सूप घेऊन येतो, भांडीसुद्धा घासतो."

रिन्स्केनं कॉफी आणली. योरितनं दुधाची छोटी डबी उचलली, तिचं झाकण चिमटीत धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. मग डबी हळूच बशीमागे सरकवली आणि काळीच कॉफी प्यायला लागला. रिन्स्केचं लक्ष नव्हतं.

"उघडलेला डबा तुम्ही नंतर पाहिलात?" मी विचारलं.

"नाही. डाउवेनं लगेच उचलून मागच्या खोलीत नेला. मला बघवलं नसतं." त्यानं कप खाली ठेवला. "एक विचारू? केबल बदलल्याचं मला अगदी स्पष्ट आठवतंय. अजून डोळ्यांसमोर दिसतंय. तेच खोटं असेल तर माझं दुसरं काय खरं धरायचं? बायको गेली तो दिवस मला आठवतो. तोही असाच असेल का?"

डिस्क गेल्या त्या गेल्या, पण या माणसाचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा जात होता. मंगळवारी कुणी परका डॉक्टर त्यावर शिक्का मारणार होता. मला मनापासून राग आला. कुणावर ते अजून कळलं नव्हतं.

निघताना मी रिन्स्केला विचारलं, "दालनाची किल्ली कुणाकुणाकडे असते?"

"बाउक्येकडे, डाउवेकडे. आणि हाइटची इथं खुंटीला असते." ती एकदम थबकली. "म्हणजे माझ्याही हाताशी. असं का विचारताय?"

३

डाउवे बागेत होता. गोल चेहऱ्याचा, प्रसन्न माणूस. भिंतीला लावलेल्या नासपतीच्या फांद्या तो तारांवर पसरवून बांधत होता. बाग इतकी नीटनेटकी की पाऊल टाकायला संकोच वाटावा.

"या या, हिल्त्येबाई. योरितला भेटून आलात ना? बिचारा." त्यानं माझ्यासाठी बाक पुसला. "वर्षभर बघतोय मी. चष्मा विसरतो, नावं विसरतो."

"नावं तर मीही विसरते."

"तुम्ही गावाच्या आठवणी जाळत नाही." तो हसला, मग लगेच गंभीर झाला. "त्याला रागवू नका. आता घरी बसू दे त्याला. आम्ही आहोत सांभाळायला."

"शनिवारी मशीन चालवल्याचं सांगतो तो."

"आदल्या शनिवारी. मी त्याला शंभरदा सांगितलं." फांदीची गाठ आवळून त्यानं दोरा दातानं तोडला. "सगळंच गेलं म्हणायचं ना? पाचही डिस्क त्या एकाच केबलीवर होत्या."

"बघते. सांगता येत नाही."

"नाही, म्हणजे उगाच आशा नको लावायला लोकांना." त्यानं पुढची फांदी धरली. "शाळेमागच्या गल्लीतली माणसं कुठल्या डिस्कवर होती, कळेल का? माझी काही ओळखीची होती तिथली."

"कळलं की सांगते."

"योरित गल्लीगल्लीनं ऐकून नोंदी करत होता. शाळेमागची पुढच्याच आठवड्यात यायची होती," तो म्हणाला आणि फांदी बांधू लागला.

४

दुकानात परत येऊन मी रिकामा कॉम्प्युटर पुन्हा टेबलावर घेतला. एक गोष्ट मला खटकत होती. पाच डिस्क आवाज साठवायला, ते ठीक. पण कॉम्प्युटरला स्वतः जागं व्हायला, कोण आपण आणि कुठे आपण हे आठवायलाही कुठेतरी जागा लागते. ती त्या पाचांपैकी एकीवरही नव्हती. डिस्कांवरची लेबलं मी वाचली होती. चार आवाजांच्या, एक प्रतीची.

मी पंखा काढला. त्याच्याखाली, मदरबोर्डला आडवी चिकटून, बोटाएवढी हिरवी पट्टी बसली होती. हीसुद्धा डिस्कच, फक्त तिच्यात फिरणारं काही नाही आणि तिला वेगळी केबलही लागत नाही. मदरबोर्डच तिला वीज देतो, आणि मदरबोर्डची जाड केबल नव्या सप्लायचीच होती.

पट्टी जिवंत होती.

कॉम्प्युटर रोजच्या रोज जे करतो ते तिच्यावर लिहीत जातो. मी वाचलं. सोमवारी सप्लाय मेला तिथं एकदम खंड. त्यानंतर पुढची जाग शनिवारी दुपारी. पाचही डिस्क ठणठणीत. दुपारभर काम. उघडलेल्या फाइलींत आल्त्ये म्हातारीची ईल माशाची गोष्ट. मग रीतसर बंद.

मी खुर्चीत मागे टेकले. मेलेल्या सप्लायवर मशीन चालत नाही, म्हणजे शनिवारी नवा सप्लाय होता. नव्या सप्लायला जुनी केबल असती तर डिस्क शनिवारीच जळल्या असत्या. म्हणजे योरितनं केबल बदलली होती, आणि मशीन चालवून बघितलंही होतं. त्याला जे आठवत होतं ते शब्दन्शब्द खरं होतं. शनिवार आणि उद्घाटन यांच्या मध्ये कुणीतरी कट्ट्यावरच्या भंगाराच्या पेटीतून जुनी केबल काढून मुद्दाम जागेवर लावली होती.

किल्ल्या तिघांच्या हाताशी. बाउक्येला कॅसेटी फेकल्याचं पाप झाकायचं असेल. रिन्स्केला बापाला आश्रमात पाठवायचं असेल. पण बाउक्येनं डिस्क केकच्या खोक्यातून आणल्या, आणि रिन्स्केच्या घरी टीव्हीचा प्लग काढायलाही योरित लागत असणार. कुठली केबल घात करते हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं त्यानं ते गावाला समजावूनही सांगितलं होतं.

राहता राहिला दोरा. गाव म्हणत होतं, दोरा म्हणजे योरित. पण डब्यात योरितनं बांधलेलं बाकी सगळं कापडी पट्ट्यांनी बांधलेलं होतं. मला ती दुधाची डबी आठवली. ज्याच्या अंगठ्याला डबीचं झाकण सुटत नाही, तो मेणाचा दोरा काय आवळणार? आणि एकाच बाकावर शिकलेले दोघे एकच गाठ शिकतात.

नासपतीच्या फांद्या मी पुन्हा आठवून बघितल्या. एकेका अंगठ्याच्या अंतरावर एकेक गाठ, सगळ्या एका ओळीत.

कोणी ते कळलं होतं, का ते नव्हतं. मी डिस्क पालथ्या केल्या. प्रत्येकीच्या पाठीवर तांदळाच्या दाण्याएवढा एक राखणदार असतो. विजेचा लोंढा आला की तो स्वतः जळतो आणि डिस्क वाचवतो. जळालेला दाणा काढून टाकला की डिस्क पुन्हा चालते, फक्त पुढच्या वेळी तिला राखणारं कुणी नसतं. मी दाणे काढले. पाचांतल्या चार उठल्या.

शाळेमागच्या गल्लीतली डिस्क मी आधी लावली. ते डाउवेनंच मला सुचवलं होतं.

५

"साखर?" डाउवेनं विचारलं.

"नको. मी मिनेचं ऐकलं."

त्याचा हात साखरेच्या भांड्यावर तसाच राहिला. मिने म्हणजे त्यांच्या एक्स्चेंजचा जुना प्रमुख. वारून बरीच वर्षं झाली. कॅसेटवर तो मजेत, धापा टाकत बोलत होता. एका नाताळात योरितनं एका विधवेला कॅनडातल्या मुलाशी रात्रभर फुकट बोलू दिलं. दुसऱ्या दिवशी मिनेकडे चुगली आली. योरितची बढती गेली, त्याला शिडी देऊन खांबांवर चढायला पाठवलं, आणि पुढे प्रमुखाची खुर्ची चुगली करणाऱ्याला मिळाली. 'डाउवे हुशार निघाला,' मिने म्हणत होता. 'योरितला अजून पत्ता नाही.' मग तो हसला होता.

"पन्नास वर्षं होत आली," डाउवे म्हणाला. "मी त्याच्या लग्नात शेजारी उभा होतो. त्याच्या बायकोला खांदा दिला. ते सगळं कुठे गेलं? एका म्हाताऱ्याच्या चार वाक्यांपुढे त्याची काही किंमत नाही?"

"ती चार वाक्यं नुसती पुसायची होती. गाव कशाला जाळलंत?"

"एकच फाइल गेली असती तर त्यानं शोधलीच असती. तुम्ही ओळखत नाही त्याला. कुत्र्यासारखा हुंगत बसला असता. सगळंच गेलं तर माणूस शोधत नाही, रडतो."

"आणि त्याचं डोकं गेलं हे त्याला पटवलंत."

डाउवेनं साखरेच्या भांड्याचं झाकण लावलं.

"दोरा का बांधलात? त्याच्यावर यावं म्हणून?"

तो खरंच गोंधळला. "दोरा? नाही हो. ते माझ्या डोक्यातही नव्हतं. केबल लावली, ती लोंबत होती." त्यानं आपले हात बघितले. "लोंबती कशी सोडायची?"

सत्यानाश करायला गेलेला माणूस, आणि त्यालाही केबल लोंबती सोडवली नाही. असली चूक करणारी माणसं मी याच गावात बघितली.

"त्याला शनिवारचं सांगा," डाउवे म्हणाला. "त्याचं डोकं ठीक आहे, हे सांगा. पण माझं नाव घेऊ नका. कुणीतरी केलं म्हणा. मी रोज जातो त्याच्याकडे, हिल्त्येबाई. पुढेही जाईन. त्याला माझ्याशिवाय आहे कोण?"

लाज वाटते सांगायला, पण मी क्षणभर विचार केला. मग वाटलं, यानंही त्या नाताळानंतर असाच क्षणभर विचार केला असेल.

मी मात्र डाउवेला कसलंच वचन दिलं नाही.

६

योरितला मी पट्टीवरचा शनिवार वाचून दाखवला. तो ऐकत होता, डोळे मिटून. ईल माशाचं नाव आलं तशी त्याच्या तोंडावर हसू पसरलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. रिन्स्केनं ते चकचकीत माहितीपत्रक उचलून कचऱ्यात टाकलं आणि बापाच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

"हाइटनी मला माफ करावं," ती म्हणाली.

"गप गं. आधी ऊन कॉफी आण."

ती आत गेली. योरित माझ्याकडे वळला. "मग केबल कुणी बदलली?"

मी येताना ठरवलं होतं की नाव आपण घ्यायचं नाही, त्यानं मागितलं तर फक्त वस्तू पुढे ठेवायची. मी पिशवीतून केबल काढून त्याच्या मांडीवर दिली.

त्यानं ती उजेडात धरली नाही. दुखरा अंगठा गाठींवरून फिरवत नेला, एकेक करत, शेवटच्या गाठीपर्यंत. तिथं अंगठा थांबला.

"शेवटच्या गाठीला दोन वळसे," तो म्हणाला. "एकानं भागतं. मी आयुष्यभर चिडवलं त्याला." त्यानं केबल मांडीवर ठेवली. "का?"

"ते डिस्कवर आहे. मिनेच्या आवाजात. ऐकलंच पाहिजे असं नाही."

"मिने," तो पुटपुटला. पुढचं मला सांगावं लागलं नाही. त्याचं डोकं चांगलं चालत होतं. नाताळ, विधवा, शिडी, सगळं एकेक जागेवर बसत गेलेलं मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. आपण केलेलं काम बरोबर निघाल्याचा मला इतका पश्चात्ताप कधी झाला नव्हता.

"हा आठवडा बरा गेला, माहितीय?" योरित म्हणाला. "डोकं गेलं असं वाटत होतं, पण तो रोज यायचा. त्याचं ते मटारचं सूप. आम्ही जुन्या गोष्टी काढून हसायचो." त्यानं केबल गुंडाळून मला परत दिली. "ती बोटभर पट्टीही जळायला हवी होती."

दारावरची घंटा वाजली. रिन्स्के धावत गेली. बोळातून मटारच्या सुपाचा वास आत आला, आणि तिचा आनंदी आवाज. "हाइटनी बघावं तरी कोण आलंय. डाउवे आलाय."

डाउवे हॉलच्या दारात येऊन उभा राहिला. दोन्ही हातांत पातेलं, गोल चेहऱ्यावर भीती. आधी त्यानं माझ्याकडे बघितलं. मी योरितकडे बघितलं.

योरितनं मान वर केली. त्या चेहऱ्याकडे त्यानं शांतपणे, खूप वेळ, अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"कोण डाउवे?" त्यानं विचारलं.

रिन्स्के पांढरीफटक पडली. तिनं घाईघाईनं वाकून कचऱ्याच्या डब्यातून ते माहितीपत्रक बाहेर काढलं. डाउवेनं पातेलं जमिनीवर ठेवलं आणि तो आल्या पावली परत गेला.